कारस्थान आणि लढाई: मराठी इतिहासलेखनाची वाटचाल

मराठीतील ऐतिहासिक गद्य बखरींपासून सुरू होते आणि बखरींचा बराचसा मजकूर दोनच विषयांनी व्यापलेला आहे: दरबारातली कारस्थाने आणि रणांगणावरच्या लढाया. कोणी कोणाला फितूर केले, कोणाच्या सांगण्यावरून कोणाला बेड्या पडल्या, कोणत्या सरदाराने ऐन वेळी पाय मागे घेतला, हे सांगताना बखरकाराची लेखणी खुलते. एकोणिसाव्या शतकात पत्रे, याद्या, हिशेब उजेडात आले, इतिहासाकडून असलेल्या अपेक्षा बदलल्या, तरी हे दोन विषय मध्यभागीच राहिले. नारायणराव पेशव्यांचा खून, त्यानंतरची बारभाईंची मसलत आणि तिच्यातून मुंबईकर इंग्रजांशी जुंपलेले युद्ध हा १७७३ ते १७८२ चा काळ तर मराठी इतिहासलेखनाची कसोटीच ठरला. शनिवारवाड्यातल्या एका घरच्या भांडणाची झळ नऊ वर्षांत साष्टी, गुजरात, बोरघाट आणि कलकत्त्यापर्यंत पोहोचली, आणि तिच्याविषयी लिहिणारे पुण्यात, मिरजेत, साताऱ्यात जसे होते तसेच मुंबईच्या किल्ल्यातही होते.

या लेखनातील शब्दांकडे आधी पाहावे लागते. आज ‘कारस्थान’ म्हटले की काहीतरी काळेबेरे डोळ्यांपुढे येते. पेशवेकालीन पत्रांत मात्र ‘मसलत’, ‘राजकारण’, ‘कारस्थान’ हे शब्द एकमेकांच्या फार जवळचे आहेत. एखाद्या सरदाराशी ‘राजकारण लावणे’ म्हणजे त्याच्याशी गुप्त बोलणे सुरू करणे. त्यात पाप असेच असे नव्हे. ‘फितवा’, ‘दगा’, ‘बंड’ हे शब्द मात्र नेहमी दुसऱ्या पक्षासाठी राखलेले असत. त्यामुळे ‘बारभाईंचे कारस्थान’ हे नाव कौतुकाचे की निंदेचे, हे उच्चारणाऱ्याच्या पक्षावर अवलंबून होते. लॅटिनमध्ये कटाला ‘कोन्युरातिओ’ म्हणत. त्याचा मूळ अर्थ एकत्र शपथ घेणे. बेलभंडार उचलून इमान देण्याची रीत ज्या समाजात होती त्याला हा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. शपथ तीच, ती घेणारे राज्य वाचवतात की बुडवतात, हे निकाल लागल्यावर ठरते.

रोमन इतिहासकारांपुढेही हीच अडचण होती. इ. स. पूर्व ६३ मध्ये कातिलिना या उमरावाने सत्ता बळकावण्याचा कट केला आणि त्या वर्षीचा कॉन्सल किकेरो याने तो मोडून काढला. या प्रसंगावर साल्लुस्त याने एक छोटा ग्रंथ लिहिला. नुमिदियाचा राजा युगुर्था याच्याशी झालेल्या युद्धावर दुसरा. साल्लुस्त स्वतः राजकारणात मुरलेला, सीझरच्या पक्षाचा, सीनेटमधून एकदा काढून टाकलेला, आफ्रिकेतील प्रांताचा कारभार केल्यावर लुटीचा आरोप अंगावर आलेला माणूस. त्याने रोमच्या अधःपाताची कारणे लोभ आणि महत्त्वाकांक्षेत शोधली. कातिलिनाच्या गुप्त बैठकीतले भाषण त्याने शब्दशः दिल्यासारखे दिले आहे, पण ते त्याचे स्वतःचे लेखन आहे. प्राचीन इतिहासलेखनात हे सर्रास चाले आणि वाचकही ते जाणून असत. कटाची सुरुवात त्याने प्रत्यक्षापेक्षा आधीची दाखवली, असे आजचे अभ्यासक मानतात. अधःपाताची कथा रंगवायची तर खलनायक लवकर रंगमंचावर यावा लागतो, हे त्यामागचे कारण असावे.

त्या कटाच्या हकीकतीत एक जागा मात्र भक्कम होती. कटवाल्यांनी अल्लोब्रोगेस या गॉल जमातीच्या वकिलांना आपल्या बाजूला ओढताना मोहरबंद पत्रे दिली. वकिलांनी ती गोष्ट फोडली, रोमबाहेरच्या मुल्वियन पुलावर रात्री पत्रे हस्तगत झाली आणि सीनेटपुढे ज्याच्या त्याच्या मोहरा ज्याच्या त्याच्याकडून ओळखवून घेण्यात आल्या. संशयाला पुराव्याचे रूप आले ते तिथे. पाच जणांना चौकशीविना मारले गेले आणि तो डाग किकेरोला आयुष्यभर पुसता आला नाही. लिव्हीच्या बाबतीत याहून सुंदर पडताळा मिळतो. इ. स. पूर्व १८६ मध्ये बाक्कुसच्या उपासकांविरुद्ध रोमने कडक कारवाई केली. लिव्हीने ती गुप्त कटाच्या थरारकथेसारखी सांगितली आहे. १६४० मध्ये दक्षिण इटलीत तिरिओलो येथे सीनेटच्या त्याच वर्षीच्या हुकुमाचा ताम्रपट्टासारखा कांस्यपट सापडला. त्यात थरार नाही, कोरडी कलमे आहेत: किती जणांनी एकत्र यावे, परवानगी कोणाची घ्यावी. कथा आणि कागद शेजारी ठेवून वाचण्याची संधी इतकी स्पष्टपणे क्वचित मिळते. मराठी इतिहासात ती अनेकदा मिळते, आणि मराठी इतिहाससंशोधनाचे खरे मोल याच वाचनात आहे.

बखरींत कथेचे पारडे जड असते. भाऊसाहेबांची बखर हा तिचा सर्वांत तेजस्वी नमुना. कृष्णाजी शामराव हा तिचा कर्ता मानला जातो. १७५३ च्या उत्तरेकडील स्वारीपासून १४ जानेवारी १७६१ च्या पानिपतापर्यंतची हकीकत ती सांगते. युद्धाची वर्णने जोरकस आहेत, पण लेखकाचे खरे लक्ष पराभवामागच्या मनांकडे आहे. बखरीत मल्हारराव होळकर असा सल्ला देतात की नजीबखानाला पुरता बुडवू नये. शत्रू उरला नाही तर पेशवे सरदारांना धोतरे बडवायला बसवतील. हे बोलणे लिहून घ्यायला तिथे कोणी बसले नव्हते. साल्लुस्ताने कातिलिनाच्या तोंडी भाषण घातले तसे बखरकाराने होळकरांच्या तोंडी हे वाक्य घातले. तरी ते टाकाऊ नाही. पानिपतानंतरच्या पिढीला सरदार आणि पेशवे यांच्यातला अविश्वास कसा दिसत होता, हे त्या एका वाक्यात साठले आहे. होळकर खरोखर असे बोलले का, हा प्रश्न त्याच्यापासून वेगळा ठेवला की बखरीचा उपयोग सुरू होतो.

त्याच लढाईवर रघुनाथ यादवाने गोपिकाबाईंच्या सांगण्यावरून बखर लिहिली. नाना फडणीस तर स्वतः पानिपतावर होते. त्यांच्या अपुऱ्या आत्मचरित्रात जीव वाचवून पळालेल्या तरुण कारकुनाची घाबरगुंडी लपवलेली नाही. पुढे ज्याच्या थंड डोक्याचा दबदबा सगळ्या हिंदुस्थानात पसरला त्याने स्वतःची भीती इतक्या उघडपणे लिहावी, ही त्या छोट्या लेखनाची मोठी ताकद आहे. अवधचा नवाब शुजा याच्या पदरी असलेल्या काशीराजाने फार्सीत लिहिलेली हकीकत अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत आली आणि समोरच्या छावणीतून लढाई कशी दिसली हे कळले.

बखरकाराचे हितसंबंध कसे काम करतात, हे पाहायला संभाजी महाराजांचे प्रकरण पुरेसे आहे. १६८०-८१ मध्ये त्यांच्याविरुद्ध एकामागून एक कट झाले. अण्णाजी दत्तो आणि बाळाजी आवजी चिटणीस यांना त्यात प्राण गमवावे लागले. संभाजी महाराजांचे चरित्र रंगवणाऱ्या बखरींपैकी सर्वांत वजनदार बखर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मल्हार रामराव चिटणीसाने लिहिली. तो बाळाजी आवजींचाच वंशज. ज्या घराने देहान्त शिक्षा भोगली त्या घराच्या दप्तरातून शिक्षा देणाऱ्याचे चित्र आले आणि शे-दीडशे वर्षे तेच नाटक-कादंबऱ्यांत फिरत राहिले. वा. सी. बेंद्रे यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या चरित्राने आणि त्यानंतर कमल गोखले यांच्या ‘शिवपुत्र संभाजी’ने समकालीन साधनांच्या आधारे ते चित्र मोडले. घराण्याचा राग इतिहासात किती काळ टिकतो, याचे याहून ठळक उदाहरण मराठीत नाही.

३० ऑगस्ट १७७३ रोजी, गणेशोत्सवाच्या दिवसांत, भर दुपारी शनिवारवाड्यात गारदी घुसले. थकलेला पगार हे निमित्त. सुमेरसिंग, महंमद इसाफ, खरकसिंग हे त्यांचे म्होरके आणि तुळाजी पवार हा वाड्यातला नोकर त्यांच्या संगतीला. अठरा वर्षांचे नारायणराव पळत पळत चुलत्याच्या, म्हणजे वाड्यातच नजरकैदेत असलेल्या राघोबादादांच्या खोलीत शिरले आणि त्यांच्या गळ्यात पडले. चापाजी टिळेकर हा सेवक धन्यावर आडवा पडला. दोघेही कापले गेले. एवढा भाग सर्व साधनांत साधारण सारखा आहे. वाद आहे तो त्यामागे कोण, आणि नेमके काय करायचे ठरले होते, याविषयी.

इथेच ‘ध चा मा’ येतो. राघोबांनी गारद्यांना दिलेल्या चिठ्ठीत नारायणरावास ‘धरावे’ असे होते. त्यांच्या पत्नी आनंदीबाईंनी त्याचे ‘मारावे’ केले, ही कथा मराठी घरात लहान मुलालाही ठाऊक असते. तिला छापील रूप दिले मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफने. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी करून तो कागद मिळवला आणि त्यातला शब्द बदललेला आढळला, अशी हकीकत त्याने दिली. बदल आनंदीबाईंनी केला असा लोकांचा समज असल्याचेही लिहिले. लोकांचा समज आणि कागदाचा पुरावा यांतले हे अंतर पुढच्या काळात कोणी पाळले नाही. ती चिठ्ठी अभ्यासकांच्या हाती आलेली नाही. त्या काळी असला मजकूर मोडीत लिहिला जाई, तेव्हा अक्षर फिरवता येते का हे मोडीतच आणि मूळ कागदावरच तपासायला हवे. छापील बाळबोधीतला ‘ध’ आणि ‘मा’ समोर ठेवून त्याचा निर्णय होत नाही. शिवाय कटाच्या सगळ्या पुरुष भागीदारांवरचा भार एका बाईच्या बोरूवर टाकणारी कथा किती लोकांच्या सोयीची होती, हेही विसरून चालणार नाही. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी रामशास्त्र्यांच्या चौकशीत दोषी ठरलेल्यांचा जो हिशेब दिला आहे त्यात ४९ माणसे आहेत: १३ गारदी, २६ ब्राह्मण, ३ प्रभू आणि ७ मराठे. ही यादी नुसती वाचली तरी कटाचा पसारा ध्यानात येतो. कारभारी, कारकून, हुजरे, पहारेकरी, सगळ्यांचा हात लागल्याखेरीज वाड्यात असे काही घडत नसते. लोकस्मृतीत मात्र यातली एकच बाई उरली.

राघोबा पेशवे झाले आणि मोहिमेवर निघाले. त्यांच्या पाठीमागे पुण्यात बारभाई जमले. सखारामबापू बोकील, नाना फडणीस, हरिपंत फडके, त्रिंबकराव मामा पेठे ही त्यांतली ठळक नावे. ‘बारा’ची यादी प्रत्येक ठिकाणी थोडी वेगळी भरते. नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई गरोदर होत्या. त्यांना पुरंदरावर हलवले आणि मुलाच्या नावाने राज्य चालवायचे ठरले. १८ एप्रिल १७७४ रोजी सवाई माधवराव जन्मले. मूल खरे की बदललेले, अशी कुजबूज राघोबांच्या पक्षाने केली आणि ती डफच्या ग्रंथापर्यंत पोहोचली. या मसलतीला देशभक्ती म्हणावे की कारकुनी बंड, यावर मराठीत भरपूर शाई खर्च झाली आहे. ज्या नियमाने खून हा कट ठरतो त्याच नियमाने बारभाईंचे पाऊलही कटच होते; फरक इतकाच की एका कटाने गादीवरच्या माणसाला मारले आणि दुसऱ्याने गर्भातल्या वारसाला वाचवले. मराठी इतिहासकारांनी दुसऱ्याच्या बाजूने दिलेला कौल रास्त आहे. तरीही नानांच्या कैदखान्यांचा आणि हेरांचा हिशेब त्या कौलाखाली झाकू नये.

राघोबा इंग्रजांकडे गेले आणि कारस्थानाची लढाई झाली. मुंबईचा गव्हर्नर विल्यम हॉर्नबी आणि त्याचे कौन्सिल यांचा डोळा साष्टी आणि वसईवर होता. डिसेंबर १७७४ मध्ये त्यांनी ठाण्याचा किल्ला घेतला. मार्च १७७५ मध्ये सुरतेस राघोबांशी तह केला. त्याच वर्षी १८ मे रोजी गुजरातेत अडासची लढाई झाली. कर्नल कीटिंगचा चिटणीस म्हणून त्या स्वारीत असलेल्या जेम्स फोर्ब्जने पुढे, १८१३ मध्ये, आपल्या आठवणींच्या ग्रंथात ती नोंदवली. चित्रकाराची नजर असलेल्या या माणसाने झाडे, पक्षी आणि प्रेते सारख्याच बारकाईने टिपली आहेत. कलकत्त्याने मुंबईचा तह नाकारला, १ मार्च १७७६ रोजी पुरंदरला वेगळा तह केला, आणि राघोबा त्या वर्षाच्या अखेरीस मुंबईत येऊन राहिले. मलबार टेकडीच्या टोकाला, वाळकेश्वरच्या पायथ्याशी समुद्रात श्रीगुंडीचा खडक होता. त्याच्या फटीतून पार झाले की पाप फिटते अशी श्रद्धा. मुंबईत असताना राघोबा त्या फटीतून जात असत, असे इंग्रजी वर्णनांत येते. पुतण्याच्या रक्ताचा प्रश्न इंग्रजांनी सोडवून दिला नव्हता, हे या नोंदीत जितके दिसते तितके तहाच्या कलमांत दिसत नाही.

याच १७७६ मध्ये कोकणात तोतयाने गोंधळ घातला. पानिपतावर पडलेले सदाशिवरावभाऊ आपणच, असे सांगणाऱ्या या माणसामागे बघता बघता किल्ले आणि माणसे गेली. पराभव झाल्यावर तो मुंबईचा आश्रय शोधत असताना रघोजी आंग्र्यांच्या हाती सापडला आणि पुण्यात त्याला देहान्त शिक्षा झाली. पानिपताच्या जखमेवर लोकांना इतकी खपली हवी होती की खोटा भाऊही त्यांनी खरा मानला. न. चिं. केळकरांनी ‘तोतयाचे बंड’ हे नाटक याच प्रकरणावर रचले.

नोव्हेंबर १७७८ मध्ये मुंबईहून निघालेली फौज हा या युद्धाचा सर्वांत बारकाईने नोंदला गेलेला भाग. सुमारे चार हजार शिपाई आणि त्यांच्यामागे, ग्रँट डफच्या म्हणण्याप्रमाणे, एकोणीस हजारांवर बैल. हुकूम एका सेनापतीचा नव्हता, समितीचा होता. तिच्यातल्या कर्नाक आणि एजर्टन यांचे पटत नव्हते. पनवेलहून बोरघाट चढून खंडाळ्याला आल्यावर फौज मुंगीच्या पावलाने सरकू लागली. मराठ्यांनी समोर येण्याचे टाळले. बाजूच्या टेकड्यांवरून मारा करायचा, दाणावैरण जाळायची आणि मागचा रस्ता रोखायचा, एवढेच ते करत राहिले. ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याजवळ कॅप्टन स्ट्युअर्ट पडला. त्याच्या शौर्यामुळे मराठ्यांनीच त्याला ‘इष्टुर फाकडा’ म्हटले आणि वडगावला त्याच्या थडग्याला आजही मान मिळतो. फौज तळेगावला पोहोचली तेव्हा गाव जळालेले होते. ११ जानेवारीच्या रात्री जड तोफा तळ्यात लोटून, सामान पेटवून ती परत फिरली, आणि अंधारातच घेरली गेली. वडगावात तह लिहून द्यावा लागला. तो मुंबईने आणि कलकत्त्याने पाळला नाही. १७ मे १७८२ रोजी सालबाईला शेवटचा तह झाला, साष्टी इंग्रजांकडेच राहिली आणि राघोबांना त्यांनी सोडून दिले.

वडगावानंतर पुण्यात जे घडले ते मुल्वियन पुलावरच्या रात्रीची आठवण करून देते. मोरोबा फडणिसांच्या पक्षाने १७७८ मध्ये नानांना दूर सारून राघोबांना परत आणण्याचा डाव मांडला होता. मुंबईकरांनी तोंडी शब्दावर विश्वास न ठेवता सह्यांचा कागद मागितला होता आणि सखारामबापूंनी त्यात हात घातला होता. बापू म्हणजे पेशवाईतले सर्वांत जुने, सर्वांत सावध मुत्सद्दी. दोन्ही डगरींवर पाय ठेवूनही पन्नाशी-साठी त्यांनी सहज पार केली होती. वडगावानंतर राघोबा मराठ्यांच्या हाती आल्यावर बापूंचा स्वतःचा कागद त्यांच्यापुढे ठेवण्यात आला. बापू कैद झाले आणि १७८१ मध्ये रायगडावर वारले. नारायणरावांच्या खुनातला निर्णायक कागद फक्त ऐकिवात आहे. बापूंचा कागद मात्र खरोखर पुढे आला. म्हणूनच पहिल्या प्रकरणावर नाटके झाली आणि दुसऱ्यावर निकाल लागला.

या सर्व हकीकती छापील इतिहासात कशा आल्या, याचा मोठा भाग मुंबईत घडला. १८०४ मध्ये परळच्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये, जिथे पुढे हाफकिन संस्था आली, सर जेम्स मॅकिंटॉशने लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापली. तिचीच पुढे एशियाटिक सोसायटी झाली. साताऱ्याला रेसिडेंट राहिलेल्या जेम्स ग्रँट डफने १८२६ मध्ये मराठ्यांचा तीन खंडी इतिहास प्रसिद्ध केला. त्यासाठी जमवलेल्या मराठी हस्तलिखितांच्या नकला या सोसायटीकडे ठेवल्याचे त्याने टिपांत लिहिले होते. पुढे मराठी अभ्यासक त्या शोधायला गेले तेव्हा नकलांचा पत्ता नव्हता. ग्रंथ उरला आणि त्याचा आधार गेला, हे दुखणे एकोणिसाव्या शतकातल्या मराठी सुशिक्षितांनी मनाला लावून घेतले. डफचा ग्रंथ कॅप्टन डेव्हिड केपनने बाबा साने यांच्या साहाय्याने १८३० च्या सुमारास मराठीत आणला आणि त्याला नाव दिले ‘बखर मराठ्यांची’. नव्या पद्धतीच्या इतिहासालाही मराठीत शिरताना बखरीचाच अंगरखा घालावा लागला.

१८६७ मध्ये विद्यार्थी वयातल्या नीलकंठ जनार्दन कीर्तने यांनी डफवर पुण्यात टीकात्मक निबंध वाचला. तो मुंबईच्या ‘विविधज्ञानविस्तार’ मासिकात आला. डफच्या चुका दाखवण्यापेक्षा मोठे काम त्याने केले: साधने आपल्याच घराघरांत आहेत, हे वाचकांना सांगितले. १८७८ पासून पुण्याच्या ‘काव्येतिहाससंग्रहा’ने बखरी छापल्या. मुंबईच्या हायकोर्टाचे न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी १८९२ मध्ये बखरींची साक्ष वेगळ्या रीतीने तपासली. लढायांच्या तारखा चुकोत, पण जातपंचायती, प्रायश्चित्ते, विवाह, धर्मनिर्णय यांविषयी बखरी सहजपणे जे सांगून जातात ते अमोल आहे, असा त्यांचा रोख. न्यायालयात बसलेल्या माणसाने साक्षीदाराला सरसकट खोटे ठरवले नाही, त्याच्या साक्षीतला कोणता भाग कोणत्या कामाचा हे ठरवले. हा निबंध पुढे रानड्यांच्या १९०० सालच्या मराठी सत्तेच्या उदयावरील ग्रंथाला जोडला गेला.

इंग्रजी बाजूचे कागदही मुंबईतच होते. जॉर्ज फॉरेस्टने १८८५ मध्ये मुंबई सेक्रेटरिएटमधील मराठेविषयक कागदपत्रांची निवड प्रसिद्ध केली. साष्टी, सुरत, वडगाव यांविषयी हॉर्नबीच्या कौन्सिलात काय चर्चा झाली, कोणी विरोध नोंदवला, पराभवाचे खापर कोणी कोणावर फोडले, हे त्यातून उघड झाले. कौन्सिलची कारवाई वाचताना कटाचे एक वेगळेच रूप दिसते. इथे कोणी बेलभंडार उचलत नाही. ठराव मांडला जातो, मतभेदाची टीप जोडली जाते, प्रत विलायतेला जाते. पण शेजारच्या राज्यात गादीचा वाद पेटवून मुलूख मिळवायचा बेत तोच. पुढे म्युनिसिपल कमिशनर हॅरी अ‍ॅक्वर्थ, ज्यांच्या नावाचे कुष्ठरोग रुग्णालय वडाळ्याला आहे, यांनी शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या जोडीने १८९१ मध्ये ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह छापला. पानिपतापासून खर्ड्यापर्यंतच्या लढाया डफावर कशा गायल्या गेल्या, ते त्यामुळे टिकले.

खरे वळण १८९७-९८ मध्ये आले. मिरजेच्या वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धन दप्तरातील पत्रे ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ म्हणून छापायला घेतली. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, त्यात पानिपतापूर्वीच्या अकरा वर्षांची अस्सल पत्रे होती. राजवाड्यांनी प्रस्तावनेत बखरींच्या चुका एकेक करून दाखवल्या आणि त्यांच्या विश्वासार्हतेचे वाभाडे काढले. त्यांचा कडकपणा त्या वेळी आवश्यक होता, पण तो एकांगीही होता. तेलंगांची तारतम्याची वाट अधिक टिकाऊ ठरली. खऱ्यांचे काम दिसायला साधे. छावणीतून घरी जाणारी पत्रे, तारीखवार. आज कूच झाले, वैरण नाही, अमक्याचा निरोप आला, तमक्याविषयी संशय आहे. बारभाईंचे युद्ध रोजच्या रोज कसे लढले गेले ते या पत्रांइतके दुसरे काही सांगत नाही. पत्रलेखकाला उद्या काय होणार हे माहीत नसते. बखरकाराला शेवट ठाऊक असतो, म्हणून त्याला प्रत्येक पावलात दगा दिसतो. पत्रात दिसतो तो दगा नसून बहुतेक वेळा गोंधळ, उशीर आणि पैशाची टंचाई असते.

पेशवे दप्तर बरीच वर्षे अभ्यासकांना बंद होते. सरकारने ते खुले केल्यावर सरदेसायांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड मुंबईच्या सरकारी छापखान्याने काढले. सरदेसायांची ‘मराठी रियासत’ १९०२ पासून सुरू झाली होती. नवी साधने आली तशी ते ती दुरुस्त करत गेले. स्वतःच्या आधीच्या मतांवर काट मारण्याची ही तयारी मराठी इतिहासकारांत विरळच. त्र्यंबक शंकर शेजवलकर यांनी १९६१ मध्ये, लढाईला दोनशे वर्षे होत असताना, ‘पानिपत: १७६१’ हा ग्रंथ मराठीत दिला. रणभूमी पायाखाली घालून, अंतरे मोजून, रसद आणि पैसा यांचा हिशेब करून लिहिलेला हा ग्रंथ फितुरीच्या गोष्टींना त्यांची जागा दाखवतो. उपाशी फौज का हरली हे सांगायला प्रत्येक वेळी फितूर शोधावा लागत नाही.

रंगभूमीने मात्र बखरीचीच बाजू धरली. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘भाऊबंदकी’ १९०९ मध्ये आले. राघोबाचा डळमळीतपणा, आनंदीबाईची ईर्षा आणि रामशास्त्र्यांनी सुनावलेले देहान्त प्रायश्चित्त हे त्याचे तीन खांब. गिरगावातील मुंबई मराठी साहित्य संघाने ते पुन्हा उभे केले. नानासाहेब फाटकांचा राघोबा आणि दुर्गा खोट्यांची आनंदीबाई पाहिलेल्या प्रेक्षकांच्या मनात खुनाचा निकाल कायमचा लागून गेला. विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’ने १९७२ मध्ये नाना फडणिसांवर प्रकाश टाकला तेव्हा तो इतिहास आहे की नाही यावर रणे माजली. नाटककाराने आपण इतिहास लिहीत नसल्याचे सांगितले तरी वाद थांबला नाही, कारण बखरींपासून नाटकांपर्यंतची परंपरा प्रेक्षकांनी इतिहास म्हणूनच पचवली होती.

या काळाचे साहित्य आज मुंबईत तीन-चार ठिकाणी विखुरलेले आहे. काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्य पुराभिलेखागारात कौन्सिलच्या कारवाईचे खंड आहेत. टाऊन हॉलमध्ये एशियाटिकचे ग्रंथ आणि हस्तलिखिते. दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात, जे १८९८ मध्ये ठाकूरद्वारला सुरू झाले, जुने मराठी छापील साहित्य. मोडी रुमालांचा मोठा साठा पुण्यात. इंग्रजी खंड वाचणारा आणि मोडी रुमाल सोडणारा अभ्यासक बहुधा एकच माणूस नसतो, त्यामुळे वडगावच्या एकाच आठवड्याची दोन बाजूंची रोजनिशी एकत्र, ओळीला ओळ लावून क्वचितच वाचली जाते. सखारामबापूंचा मुंबईशी झालेला व्यवहार, राघोबांचे मुंबईतले दिवस, मोरोबांच्या मसलतीत कोण किती पैशाने गुंतले होते, हे प्रश्न अशा जोडवाचनाने सुटण्याजोगे आहेत. नारायणरावांच्या खुनाचा तसा नाही. त्याची चिठ्ठी मिळाली तरी ती आधी मोडी जाणणाऱ्याच्या हातात द्यावी लागेल, आणि त्याने पहिल्यांदा पाहायचे ते ‘मारावे’ या शब्दाखालची शाई.